वॉकी-टॉकीवर एका वेळी एकच का बोलतो?

फोनवर दोघांना एकदम बोलता येतं. भांडताही येतं. वॉकी-टॉकीवर धड भांडणसुद्धा होत नाही. बटण दाबलं की तोंड उघडतं आणि कान मिटतात. बटण सोडलं की कान उघडतात आणि तोंड मिटतं. दोघांनी एकदम दाबलं तर दोघंही मनापासून बोलत राहतात आणि कुणालाच काही ऐकू येत नाही. एवढं हुशार यंत्र, मग त्यात ही खोट का ठेवली असेल?

उत्तर हवं तर सेट उघडायला हवा. मोठ्यांचा नको, खेळण्यातला उघडा. जोडीने मिळणारा, बंद पडलेला असेल तर उत्तमच. आधी सेल काढा, मग मागचे स्क्रू सोडवा आणि ते एका वाटीत ठेवा, नाहीतर एक तरी हरवणारच.

आत एक सर्किट बोर्ड दिसेल. त्यावर तीन-चार ट्रान्झिस्टर, प्रत्येकाला तीन पाय. तांब्याच्या तारेच्या दोन-तीन बारीक गुंडाळ्या. एक चकचकीत चपटी धातूची डबी, ती क्रिस्टल. ९ व्होल्टच्या चौकोनी सेलची टोपी, ओढून लांब करायची एरियलची दांडी आणि एक छोटा स्पीकर. आता माइक शोधा. बहुतेक स्वस्त सेटमध्ये तो सापडत नाही, कारण तो नसतोच!

स्पीकरच माइकचं काम करतो. स्पीकरमध्ये एक पातळ पडदा असतो, पडद्याच्या मागे तारेची गुंडाळी आणि तिच्याभोवती चुंबक. गुंडाळीत बदलती वीज सोडली की पडदा थरथरतो आणि आवाज निघतो. हेच उलटं करा. पडद्यासमोर बोला, पडदा थरथरेल, गुंडाळी चुंबकाजवळ पुढे-मागे होईल आणि तिच्यात अगदी थोडी वीज तयार होईल. खोटं वाटत असेल तर तारेचा साधा इअरफोन जुन्या कॉम्प्युटरच्या माइकच्या भोकात खुपसा आणि इअरफोनच्या बोंडात बोलून रेकॉर्ड करा. आवाज बारीक येतो, पण येतो.

आता बोलायच्या बटणाखाली बघा. तिथे बऱ्याच पायांचा एक सरकता स्विच असतो. आवाज मोठा करणारा भाग, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, एकच आहे. बटण सोडलेलं असताना तो एरियलकडून आलेला आवाज मोठा करून स्पीकरला देतो. बटण दाबलं की सगळ्या तारा एका झटक्यात अदलाबदल होतात: स्पीकर माइक होतो आणि तोच अ‍ॅम्प्लिफायर तुमचा आवाज मोठा करून रेडिओच्या भागाला देतो. पुष्कळदा रेडिओ लहरी पकडणारा आणि सोडणारा ट्रान्झिस्टरही एकच असतो. एकाच माणसाला दोन पाळ्यांत राबवल्यासारखं आहे हे. तो दोन्ही पाळ्या एकदम कसा करणार?

पण हे झालं खेळण्याचं, काटकसरीचं कारण. पोलिसांच्या सेटमध्ये माइक वेगळा असतो, घेणारा भाग वेगळा, सोडणारा वेगळा. तरी तिथेही एका वेळी एकच बोलतो. तिथलं कारण जास्त गमतीचं आहे. बोलणारा सेट साधारण अर्धा ते पाच वॅट ताकदीने लहरी सोडतो. ऐकणारा चांगला सेट किती बारीक लहर ओळखू शकतो? एका कोटीला एका कोटीने गुणा, त्या संख्येने एका वॅटला भागा, जे येईल त्याच्याही दहाव्या भागाइतकी. दोन्ही लहरी एकाच फ्रिक्वेन्सीवर (म्हणजे सेकंदाला तितक्याच लहरी) आणि एकाच एरियलमधून. ढोल-ताशा पथकाच्या मधोमध उभं राहून, स्वतः टोल देता देता, दोन गल्ल्या पलीकडची कुजबुज ऐकायची असा हा प्रकार आहे. म्हणून बोलताना सेट स्वतःचे कान बंद करून घेतो. घेतले नाहीत तर ते बधिर होतील.

मोबाइल यातून सुटतो, कारण त्याच्या मदतीला मधे टॉवर असतो आणि साधारणपणे तो एका फ्रिक्वेन्सीवर बोलतो, दुसऱ्यावर ऐकतो. वॉकी-टॉकीला तिसरा कुणी नाही. सिम नाही, टॉवर नाही, महिन्याचं बिल नाही. हातातल्या डबीतच अख्खं रेडिओ केंद्र. तिचे सगळे गुण आणि सगळे दोष यातूनच येतात.

पाठीवरचा आणि हातातला

पूर्वी रेडिओवर बोलायचं तर यंत्र टेबलावर नाहीतर गाडीत ठेवावं लागे. कॅनडातल्या एका खाणकंपनीत डोनाल्ड हिंग्ज नावाचे रेडिओ जाणणारे गृहस्थ होते. कंपनीची माणसं खनिजं शोधायला छोट्या विमानांनी जंगलात जायची, जिथे तारा नाहीत, रस्ते नाहीत. विमान बंद पडलं तर कळवणार कसं? हिंग्ज यांनी १९३७ साली त्यांच्यासाठी सोबत नेता येईल असा दुतर्फी सेट बनवला. ते त्याला ‘पॅकसेट’ म्हणत. ‘वॉकी-टॉकी’ हे चालता-बोलता नाव पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत वर्तमानपत्रांतून पसरलं.

त्याच सुमारास अमेरिकेत क्लीव्हलंडमध्ये अल ग्रॉस हा पोरगा वयाच्या सोळाव्या वर्षी हौशी रेडिओचा परवाना काढून बसला होता. १९३८ साली, विशीच्या आसपास, त्याने हातात मावणारा सेट तयार केला, तोही त्या काळी फारसं कुणी न वापरणाऱ्या उंच फ्रिक्वेन्सीवर. युद्धात त्याच्या या कौशल्यातून ‘जोन-एलेनॉर’ ही जोडी तयार झाली. ‘जोन’ शत्रूच्या मुलखात लपलेल्या हेराच्या हातात, ‘एलेनॉर’ खूप उंचावरून जाणाऱ्या विमानात. फ्रिक्वेन्सी साधारण २६० मेगाहर्ट्झ (एक हर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक लहर, एक मेगाहर्ट्झ म्हणजे दहा लाख). इतक्या उंच फ्रिक्वेन्सीच्या लहरी जवळजवळ नाकासमोर जातात. त्यामुळे वरच्या विमानाला हेराचं बोलणं ऐकू येई आणि जमिनीवर, टेकडीपलीकडे कान लावून बसलेल्या जर्मनांना ते सापडत नसे. हे ‘नाकासमोर जाणं’ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सैन्यासाठी मोठ्या संख्येने सेट बनवले ते शिकागोच्या गॅल्व्हिन कंपनीने, म्हणजे पुढच्या मोटोरोलाने. त्यांचा एससीआर-५३६ हा विटेसारखा लांबोडका सेट हातात धरायचा. वजन सव्वादोन किलोच्या आसपास. चालू-बंद करायला वेगळं बटण नव्हतं: एरियल बाहेर ओढलं की चालू, आत ढकललं की बंद. त्या वेळी ट्रान्झिस्टर नव्हते, तो शोध १९४७चा. आत काचेच्या पाच नळ्या होत्या, म्हणजे व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हमधली तार बल्बसारखी तापवावी लागे. त्यासाठी दीड व्होल्टची एक बॅटरी आणि बाकीच्या कामासाठी तब्बल १०३.५ व्होल्टची दुसरी. एवढा लवाजमा करून जमिनीवर मजल जेमतेम दीड किलोमीटर.

दुसरा होता एससीआर-३००, पाठीवर बांधायचा. १८ व्हॉल्व्ह, वजन पंधरा किलोच्या पुढे, मजल पाच किलोमीटरच्या आसपास. तो डॅनियल नोबल आणि पोलंडहून आलेले अभियंते हेन्रिक मॅग्नुस्की यांच्या गटाने केला. तो एफएमवर चाले, त्यामुळे खरखर कमी. गंमत अशी की तेव्हा ‘वॉकी-टॉकी’ म्हणत ते या पाठीवरच्या धुडाला. हातातल्याचं नाव होतं ‘हँडी-टॉकी’. आज आपण हातातल्याला पाठीवरच्याचं नाव देऊन बसलो आहोत आणि ते आता कुणी बदलणार नाही.

३००ला भागा

हातातल्या त्या सेटची मजल इतकी कमी का होती? एक छोटं गणित करू. ३०० या आकड्याला फ्रिक्वेन्सीच्या मेगाहर्ट्झने भागलं की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. (लहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर जाते, तो ३०० तिथूनच येतो.) एससीआर-५३६ साडेतीन ते सहा मेगाहर्ट्झवर चालायचा. म्हणजे एक लहर ५० ते ८५ मीटर लांब. सरळ दांडीचं एरियल चांगलं चालायला ते लहरीच्या पाव लांबीचं असावं लागतं. इथे पाव म्हणजे बारा मीटरच्या पुढे! सैनिकाने चार मजली दांडी घेऊन पळायचं का? म्हणून मीटरभर दांडीवर भागवलं आणि बरीचशी ताकद वाया गेली.

आता खेळण्यातला २७ मेगाहर्ट्झचा सेट घ्या. लहर ११ मीटर, पाव लहर पावणेतीन मीटर. दांडी असते जेमतेम हातभर, म्हणून खेळणं बिल्डिंगच्या आवारातच दम तोडतं. ४४६ मेगाहर्ट्झच्या सेटची लहर ६७ सेंटिमीटर आणि पाव लहर फक्त १७ सेंटिमीटर. आखूड रबरी शेपटीत हे कसं बसवतात? शेपटीच्या आत स्प्रिंगसारखी गुंडाळलेली तार असते. म्हणूनच ती शेपटी मुठीत धरून बोलू नये. हाताने लहर अडते आणि गुंडाळीचा मेळही बिघडतो.

लहर पाठवणं एक, तिच्यावर आवाज बसवणं दुसरं. लहरीची उंची आवाजाप्रमाणे कमी-जास्त केली की एएम. उंची तीच ठेवून लहरी कधी दाट, कधी विरळ केल्या की एफएम. विजेच्या ठिणग्या, मोटारी आणि ढगांतल्या विजा लहरीची उंची बिघडवतात, दाट-विरळपणा फारसा बिघडवत नाहीत. म्हणून एफएम स्वच्छ ऐकू येतं. एफएमवर दोघे एकदम बोलले तर ऐकणाऱ्या तिसऱ्याकडे ज्याची लहर जोरदार तो जिंकतो आणि दुसरा असल्याचा पत्ताही लागत नाही. एएमवर दोन्हींची शिट्टीसारखी किंचाळी होते. विमानं आजही बोलायला एएमच वापरतात. त्याचा हा एक फायदा: किंचाळी ऐकून निदान कळतं तरी, की कुणाचं तरी बोलणं दबलं.

डोंगर मधे आला की

खोक्यावर लिहिलेले ‘१० किमी’ कुठे मिळतात? समुद्रावर, किंवा एक जण डोंगरमाथ्यावर आणि दुसरा खाली मोकळ्यावर असताना. दाट वस्तीत अर्धा वॅटचा सेट अर्धा-पाऊण किलोमीटर चालला तर समाधान माना. ४४६ मेगाहर्ट्झची लहरही जवळजवळ नाकासमोर जाते. भिंतीतून ती थोडी जाते, लोखंड-सिमेंटच्या स्लॅबमधून कमी, डोंगरातून अजिबात नाही.

म्हणून ताकदीपेक्षा उंची महत्त्वाची. उंचीचा मीटरमधला आकडा घ्या, त्याचं वर्गमूळ काढा, त्याला साधारण चारने गुणा. तेवढ्या किलोमीटरवर त्या उंचीचं रेडिओ-क्षितिज असतं, म्हणजे लहर जिथवर पोचते ती हद्द. सेट तोंडाजवळ, जमिनीपासून दीड मीटरवर धरला तर पाच किलोमीटर. सिंहगड पुण्याहून सुमारे साडेसातशे मीटर उंच आहे, तिथून शंभरच्या पुढे. गडाच्या पुण्याकडच्या कड्यावरून पुण्यातल्या गच्चीवरच्या मित्राशी, मधे काही आडवं नसेल, तर अर्ध्या वॅटवरही बोलणं होऊ शकतं. आणि गडाच्या मागच्या घळीत उतरलेला, तीनशे मीटरवरचा मित्र गप्प होतो. सह्याद्रीतल्या ट्रेकवर हे हमखास होतं, आणि लोक सेटला दोष देतात. सेट ठीक असतो, कडा आडवा असतो. अशा वेळी सोंडेवर एक जण थांबवावा आणि त्याने दोन्हीकडचे निरोप पोचवावेत. पोलिसांचे डोंगरावरचे किंवा उंच इमारतीवरचे ‘रिपीटर’ हेच काम यंत्राने करतात.

घरातला प्रयोग: ऐकणारा सेट चालू करून स्वयंपाकघरातल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये दोन पदर गुंडाळा, एकही फट न ठेवता. मित्राला दुसऱ्या खोलीतून बोलू द्या. आवाज गायब. मग एरियलपाशी फॉइल थोडी थोडी उघडत जा आणि आवाज कधी परततो ते बघा. गुंडाळलेल्या सेटचं बोलायचं बटण मात्र दाबू नका. बाहेर न जाणारी ताकद उलटी सेटमध्येच परतते.

दाबा, थांबा, बोला

नवखा माणूस बटण दाबता दाबताच बोलायला लागतो. सेटला ऐकण्यातून बोलण्यात यायला क्षणभर लागतो, त्यामुळे ‘नको येऊस’मधला ‘नको’ कापला जातो आणि पलीकडे पोचतं ‘येऊस’. म्हणून दाबा, अर्धा सेकंद थांबा, मग बोला. सेट उभा धरा, तोंडापासून चार-पाच बोटांवर, किंचित तिरका, म्हणजे श्वासाची फुंकर माइकवर बसत नाही. ओरडू नका. ओरडून मजल वाढत नाही, आवाज फक्त फाटतो. एरियल दोघांचीही उभी हवीत. एकाचं उभं आणि एकाचं आडवं असेल तर लहर निम्म्याहून जास्त वाया जाते.

आधी ज्याला बोलवायचं त्याचं नाव, मग आपलं: ‘गच्ची, गच्ची, मी गेट. ओव्हर.’ ‘ओव्हर’ म्हणजे माझं झालं, आता तू बोल. ‘आऊट’ म्हणजे बोलणंच संपलं, उत्तर नको. सिनेमातले इन्स्पेक्टर रुबाबात ‘ओव्हर अँड आऊट’ म्हणतात, म्हणजे ‘बोल आणि बोलू नकोस’. ‘रॉजर’ हा कुणी माणूस नव्हे. मोर्सच्या, म्हणजे टिंब-रेघांच्या संकेतांच्या, जमान्यात ‘मिळालं’ कळवायला इंग्रजी आर हे अक्षर पाठवत आणि जुन्या अक्षरमालेत आरला ‘रॉजर’ म्हणत.

सेटमधून आवाजाचा साधारण ३०० ते ३००० हर्ट्झचाच पट्टा जातो. स, श, फ यांची वरची धार कापली जाते. मराठी आकड्यांची तर फारच पंचाईत होते. ‘तेवीस’ की ‘तेहतीस’? ‘सात’ की ‘साठ’? ‘सदुसष्ट’ की ‘अडुसष्ट’? म्हणून आकडे सुटे सांगा: सहा, सात. अक्षर सांगायचं तर पहिलीच्या पुस्तकासारखं: ब बदकाचा, भ भटजीचा.

आता नेहमीची दुखणी. दोघांचा चॅनल एकच, तरी ऐकू येत नाही? बहुतेक वेळा ‘कोड’ वेगळा असतो. पडद्यावर चॅनलच्या शेजारी दुसरा बारीक आकडा दिसतो तो. हा कोड म्हणजे बोलण्याखाली सतत वाजणारा खर्ज सूर, ६७ ते २५० हर्ट्झच्या दरम्यानचा. तुमच्या सेटला तो ओळखीचा सूर ऐकू आला तरच तो स्पीकर उघडतो. दोघांनीही कोड शून्यावर आणा. खोक्यावर याला ‘प्रायव्हसी कोड’ म्हणतात, ती शुद्ध थाप आहे. कोड लावून तुम्हाला इतरांचं ऐकू येत नाही, पण इतरांना तुमचं येतं. घरचा पत्ता, एकटे आहोत वगैरे सेटवर बोलू नये.

सेट जवळ आणले की कुई करतात, कारण एकाच्या स्पीकरचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरून फिरत राहतो. तपासताना दोघे निदान वेगवेगळ्या खोल्यांत जा. चॅनल अडकून पडलाय, कुणालाच बोलता येत नाही? कुणीतरी सेटवर बसलंय. दप्तरात दाबलं गेलेलं बटण सगळ्यांचं तोंड बंद करतं आणि त्याची बॅटरीही संपवतं. कारण बोलताना ऐकण्यापेक्षा कितीतरी जास्त वीज लागते. खोक्यावरचे ‘इतके तास’ हे बहुधा शंभरातली पाच मिनिटं बोलणं, पाच ऐकणं आणि नव्वद नुसतं चालू ठेवणं असं धरून काढलेले असतात. जुने-नवे सेल मिसळू नका, जुना आधी रिकामा होतो आणि गळतो. चार्ज होणारे सेल दीडऐवजी १.२ व्होल्टचे असतात, त्यामुळे काही सेट भरलेल्या सेललाही ‘संपत आले’ म्हणतात.

कुठला सेट चालतो

भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा कमी ताकदीच्या सेटसाठीचा विनापरवाना पट्टा आहे. २०१८च्या नियमांनी तो खुला केला. सेटला सरकारची मान्यता मात्र लागते. अमेरिकेतल्या मामाने आणलेली जोडी बहुधा ४६२ ते ४६७ मेगाहर्ट्झची असते. ती तिथे खुली आहे, इथे नाही. ऑनलाइन स्वस्तात दिसणारे पाच वॅटचे, हवी ती फ्रिक्वेन्सी लावता येणारे सेट तर अजिबात घेऊ नका, त्यांना परवाना लागतो. २०२५च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फ्रिक्वेन्सी आणि परवान्याची माहिती न देता सेट विकणाऱ्या ऑनलाइन बाजारांना नोटिसा काढल्या. खरेदीआधी आईबाबांकडून खोक्यावरचे हे आकडे तपासून घ्या.

आणि मोठाच सेट हवा असेल तर हौशी रेडिओचा परवाना आहे, ज्याला हॅम म्हणतात. वयाच्या बाराव्या वर्षापासून त्याची परीक्षा देता येते. पास झालेल्यांची सांकेतिक नावं व्हीयू-२ नाहीतर व्हीयू-३ने सुरू होतात. हॅम लोक आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाशीही बोलतात. स्थानक सुमारे चारशे किलोमीटर उंच, पण डोक्यावर असताना मधे ना डोंगर ना स्लॅब, म्हणून घळीतल्या मित्रापेक्षा ते सोपं. फक्त घाई करावी लागते, कारण दहाएक मिनिटांत ते क्षितिजाखाली जातं. २०२५च्या जुलैत शुभांशु शुक्ला तिथून हॅम रेडिओवर भारतातल्या विद्यार्थ्यांशी बोलले. अशा गप्पांतही प्रश्न विचारून झाला की मुलं ‘ओव्हर’ म्हणतात, बटण सोडतात आणि अंतराळवीर उत्तर देईपर्यंत थांबतात.